दुबार झर

पद्मावती माजिक हिच्याशी गोड बोलणारं माणूस साखळीत शोधून सापडलं नसतं, आणि तिचंही कोणाशी गोड बोलणं नव्हतं. उंच, हाडापेराने मोठी, आवाज खणखणीत. डिचोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. ट्रंक लाइनवर बेळगाव, कोल्हापूर, मुंबईशी ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की घरात मीठ मागितलं तरी दटावल्यासारखं वाटे. लग्न झालं नव्हतं. दोन स्थळं आली होती. एकाने तिच्या नोकरीला नाव ठेवलं, दुसऱ्याने उंचीला. दोघांनाही तिने चहा अर्धा असतानाच उठवलं. मग स्थळं येईनाशी झाली. वडील गेल्यावर ती भावाकडे राहिली. भाऊ बाबुराव, त्याचं खाणीच्या ट्रकांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. भावजय रंजना नणंदेला भिऊन असे आणि त्याचा राग भांड्यांवर काढी.

गावाला तिच्याबद्दल आणखी एक अढी होती. तालुक्यातले सगळे ट्रंक कॉल तिच्या हाताखालून जात. कोणाचा मुलगा मुंबईहून पळाला, कोणाची सोयरीक मोडली, हे हिला आधी कळतं असं लोक धरून चालत. ती कधी कोणाचं काही बोलली नाही. पण बोलली नाही याचंही लोकांना बरं वाटत नसे.

कृष्णनाथ मास्तरांशी तिची ओळख झाली तीही अशीच, खटका उडून. मास्तर साखळीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. त्यांची मुलगी वर्षा बेळगावला दिलेली. तिला फोन लावायला ते एक्स्चेंजवर आले होते आणि लाइन काही लागत नव्हती. बाहेरच्या बांकावर बसल्या बसल्या त्यांनी कॉलच्या चिठ्ठीमागे पेन्सिलने काहीतरी काढायला घेतलं.

"ती चिठ्ठी सरकारी आहे," पद्मावती आतून म्हणाली.

"झरीची वाट विसरेन म्हणून काढून ठेवतोय."

"विसरलात तर काय होईल?"

"झर राहील तिथेच. वाट राहणार नाही," मास्तर म्हणाले, आणि पेन्सिल चालवत राहिले.

मास्तरांनी स्वतःला एक नाद लावून घेतला होता आणि दहाबारा जणांनाही लावला होता. रविवारी डोंगर, सुपारी-नारळाची कुळागरं हिंडायची, झर शोधायची, तिचं पाणी प्यायचं आणि ती नकाशावर मांडायची. नकाशा मास्तरांनी स्वतः काढलेला. ड्रॉइंगचे कागद मांजरपाटावर चिकटवून त्यावर डिचोली आणि पेडणे हे दोन्ही तालुके, मधली नदी, वाडे, देवळं, खाणींचे खड्डे. बाजारातल्या एका खाजगी वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या मेजासमोरच्या भिंतीवर तो टांगलेला असे. ज्याला नवी झर मिळे तो त्या जागी लाल टाचणी टोची आणि खालच्या दोरीला एक कार्ड अडकवी. त्यावर गाव, झरीचं नाव, जायची वाट, दाखवली कोणी, नोंदली कोणी. बक्षीस कसलंच नव्हतं. तरी कोणाची कार्डं जास्त यावरून मोठी शहाणीसुरती माणसं रुसत, एकमेकांच्या टाचण्यांकडे डोळे बारीक करून बघत.

पद्मावती पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेली तेव्हा बाबुरावाने विचारलं, "कशाक जातंस? पुरुषांच्या घोळक्यात?"

"पाणी प्यायला," ती म्हणाली.

खरं कारण तिला सांगता आलं नसतं. आयुष्यात आजवर ती जिथे जिथे गेली होती तिथे काही तरी काम होतं. घर, ऑफिस, देऊळ, बाजार, मर्तिक. त्या रविवारी ती पहिल्यांदा काही काम नसताना चालली. जांभ्या दगडातून बोटभर धार निघत होती, खाली कोणीतरी सुपारीच्या पोवलीची, झावळीच्या रुंद देठाची, पन्हळ लावली होती. ती खाली वाकली, ओंजळीने प्याली, तोंड धुतलं आणि कोणी बघत नाही असं पाहून पाय पाण्यात सोडून बसली. त्यानंतर तिने सुट्टीचा रविवार चुकवला नाही.

नकाशा भरत गेला तशी एक अडचण उभी राहिली. एकच झर दोघे नोंदवत. एक डोंगराच्या या अंगाने गेलेला, दुसरा त्या अंगाने. नाव वेगळं, वाट वेगळी, टाचणी बोटभर बाजूला. दोघेही आपलीच नोंद खरी म्हणून हटून बसत. असल्या दुबार नोंदी निकालात काढायचं काम मास्तरांनी पद्मावतीकडे दिलं.

"बाकीचे भीड धरतात," ते म्हणाले. "तुला ती नाही."

तिने नियम घातला. संशय आला की दोघांनी तिच्याबरोबर त्या जागेवर जायचं. झर एकच निघाली तर दोघांनी तिथलं पाणी प्यायचं, नंतरचं कार्ड उतरवायचं आणि नंतरच्याचं नाव पहिल्याच्या कार्डामागे लिहायचं. वाद घातला तरी ती ऐकून घेत नसे. एका वकिलाचं कार्ड तिने त्याच्या देखत उतरवलं तेव्हा तो म्हणाला, "कोर्टातसुद्धा अपील असतं." ती म्हणाली, "मग कोर्टात नोंदवा." वकील पुढे यायचा बंद झाला. तिचं कोणाला फारसं आवडत नव्हतं, पण नकाशा नीट राहिला, आणि तिच्यावाचून तो तसा राहणार नाही हेही सगळ्यांना कळत होतं.

झरी शोधणाऱ्यांच्या या मंडळात तिच्याशी मोकळेपणी वागणारा एकच होता, अविनाश. पेडण्याचा, पंचविशीतला, म्हापशाला एका बँकेत कारकून. दर शुक्रवारी बाजारातून तो तिच्यासाठी काही ना काही आणी, कधी केळी, कधी कागदात बांधलेली चणेफुटाण्यांची पुडी, आणि रविवारी चालताना तिच्या मागेमागे "पद्माबाय, पद्माबाय" करत असे. तिला ते बरं वाटे. तिने ते कधी दाखवलं नाही.

शहाऐंशी साल उजाडलं आणि गोव्यात राजभाषा कोणती यावरून आग लागली. कोकणी की मराठी. एकाच घरात, एकाच पानावर जेवणारे भाऊ वेगळ्या सभांना जाऊ लागले. साखळीत बाबुरावाच्या दुकानावर मराठीचा फलक लागला, त्याच्या दुकानात बैठका होऊ लागल्या. कृष्णनाथ मास्तरांनी त्या बैठकांसाठी कापडी फलक रंगवून दिले. अविनाश पणजीला कोकणीच्या मोर्चात गेला आणि शर्टावर बिल्ला लावून रविवारी वाचनालयात आला. मास्तरांनी बिल्ल्याकडे बघितलं आणि त्या दिवशी त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दिवाळीनंतर अविनाशने नवी टाचणी लावली. हळर्णच्या किल्ल्याच्या पलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या घळीत. कार्डावर लिहिलं होतं, "व्हडली झर."

पद्मावतीने कार्ड वाचलं आणि दोरीवर मागे जाऊन मास्तरांचं जुनं कार्ड काढलं. हळर्ण, किल्ल्याच्या पलीकडची घळ, भिणाचं (कोकमाचं) झाड, पाच पायऱ्या. नाव, "थोरली झर." दोन वर्षांपूर्वी मास्तरांबरोबर ती स्वतः तिथे गेली होती.

"अविनाश, ही दुबार आहे."

"माका खबर आसा," तो शांतपणे म्हणाला.

"माहीत असून लावलीस?"

"थंयच्यो बायलो तिका व्हडली म्हणटात. थोरली कोणूच म्हणना. मास्तरांनी आपल्या मनान नाव बदललां. चुकीची नोंद नोंद न्हय."

मास्तर मेजापाशी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं. "मी बदललं नाही. शुद्ध केलं. व्हडली काय आणि थोरली काय, अर्थ एकच."

"अर्थ एकच तर व्हडलीच ठेवपाची."

"लिहिताना नीट लिहावं लागतं."

"माझी आवय उलयता ती भास नीट ना?"

वाचनालयातले वाचक माना वर करून बघू लागले. पद्मावतीने हात वर केला. ट्रंक लाइनवर दोघे एकदम बोलू लागले की ती असाच हात वर करी, पलीकडच्यांना दिसत नसला तरी.

"झर एक आहे," ती म्हणाली. "पहिली नोंद मास्तरांची. कार्ड मास्तरांचं राहील. अविनाशचं उतरेल. पण तिथली माणसं व्हडली म्हणत असतील तर कार्डावर व्हडली लिहायचं. मास्तर, मी ऐकलंय तसं. तुम्हीही ऐकलंत."

तिला वाटलं, निकाल सरळ आहे. एवढा सरळ निकाल तिने आजवर दिला नव्हता. दोघेही उठून तिच्या अंगावर आले.

"माझ्या कार्डावर माझ्या हयातीत तो शब्द लागणार नाही," मास्तर म्हणाले. "तुला इथे आणलं कोणी? दुबार शोधायला बसवलं, मला शिकवायला नव्हे."

अविनाश म्हणाला, "माझें कार्ड काडून तांच्या कार्डार आमचो शब्द? हो न्याय? तू बाबुरावाचीच भयण, तुझ्याकडून आनीक कितें मेळपाचें."

त्या दिवशी त्याने तिला पद्माबाय म्हटलं नाही. पुन्हा कधीच म्हटलं नाही.

दोन्ही कार्डं दोरीवर तशीच राहिली. डिसेंबरात गोष्टी फार बिघडल्या. रस्त्यांवर झाडं पाडली गेली, बसगाड्या उभ्या राहिल्या, बाजार आठवडाभर धड उघडला नाही. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर एकदम इतके दिवे पेटत की कोणता आधी जोडावा कळत नसे. आणि लोकांनी त्यातही अर्थ काढला. कोणी तक्रार केली की माजिकबाई मराठीवाल्यांचे कॉल मुद्दाम तोडतात. त्याच आठवड्यात दुसरी तक्रार आली की माजिकबाई कोकणीवाल्यांचे कॉल ऐकून भावाला सांगतात. सुपरवायझरने तिला बोलावून दोन्ही तक्रारी वाचून दाखवल्या.

"काय उत्तर देऊ?"

"दोन्ही ठेवा. माझ्याकडे उत्तर नाही," ती म्हणाली आणि हेडफोन लावून पुन्हा बोर्डावर बसली.

घरी तर बोलायलाच नको. बाबुरावाला वाचनालयातली गोष्ट कळली होती. "माझ्या घरात राहून मराठीचं नाव पुसायला निघालीस," तो जेवताना म्हणाला. ती म्हणाली, "मी बाविशीपासून नोकरी करते. घर वडिलांचं आहे." त्या रात्रीपासून रंजना तिचं ताट वाढून वर झाकण ठेवी आणि आत निघून जाई. भाऊ-बहीण एका छपराखाली दोन भाडेकरूंसारखे राहू लागले. सकाळी पाव घेऊन पदेर यायचा, तोही दोन ठिकाणी उंडे देऊ लागला.

जानेवारीत गाड्या सुरळीत झाल्या तशी एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच निघाली. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाला गाडी बदलून हळर्ण. कशासाठी जातोय हे तिचं तिलाच नीट ठाऊक नव्हतं. तिथल्या चार बायकांना विचारावं, नाव काय म्हणता ते त्यांच्याच तोंडून ऐकावं, आणि येऊन दोघांच्या तोंडावर मारावं, असं काहीसं मनात होतं.

घळीच्या तोंडाशीच तिने भिणाच्या झाडाला ठोकलेली लाकडी पाटी पाहिली. तेलरंगात, मास्तरांच्या वळणदार अक्षरात, "थोरली झर." तिच्या खाली हातभर अंतरावर पत्र्याची दुसरी पाटी, "व्हडली झर", शेजारी कोकणीची घोषणा. घोषणेला कोणीतरी डांबर फासलेलं. मग पायरीवरच्या दगडावर कोळशाने मराठीची घोषणा, आणि तिच्यावर शेण. खाली कुंडात साबणाच्या वड्यांचे कागद तरंगत होते, काठावर बियरच्या बाटलीच्या काचा.

एक बाई गुडघ्याइतक्या पाण्यात उभी राहून पायाने चाचपत काचा शोधत होती. पन्नाशीची, लुगड्याचा काष्टा मारलेला. पद्मावतीला बघून तिने हातातला काचेचा तुकडा काठावर आपटला.

"आनीक एक आयली," ती म्हणाली. "तू खंयच्या पार्टीची?"

"कुठल्याच नाही."

"मग हय कित्याक?"

पद्मावतीने नाव सांगितलं, साखळीहून आले म्हणाली, मंडळ, नकाशा, कार्ड, सगळं सांगायला लागली. बाईचं नाव यशोदा. झरीच्या वरच्या अंगाला तिचं घर होतं. तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"म्हणजे तुमीच ते कागदवाले."

"हो."

"दोन वर्सां जालीं. एक मास्तर आयलो, चित्र काडून गेलो. मागीर दर आयताराक भुरगे येवंक लागले. गाड्यो घेवन, बाटल्यो घेवन. तुमच्या कागदार वाट बरयल्या मगो, सोपी." ती पाण्यातून वर आली. "आमी बायलांनी न्हावचें खंय? कपडे धुवचे खंय? माझी सून चार म्हयने बांयचें उदक ओडता. हय येवंक लजता. आता हे पाट्यो लावन गेले. एक दिस एक पार्टी, दुसऱ्या दिसा दुसरी. उदकात फातर घाले, काचो घाल्यो. झरीक नाव कितें तें तुका जाय?"

पद्मावतीने झाडावरच्या पाट्यांकडे पाहिलं.

"नाव नाका. तें कागदावयलें काड. दोनूय काड."

"तुम्ही असं कोणाला सांगितलं नाहीत कधी?"

"कोणे विचारलें?"

पद्मावतीला आठवलं, त्या दिवशी मास्तरांबरोबर इथे आली होती तेव्हा वर कोणीतरी दोन बायका कळशा घेऊन थांबल्या होत्या. हे लोक कधी जातात याची वाट बघत. तिने त्यांना पाहिलं होतं आणि पाय पाण्यात सोडून बसली होती. त्या बायकांतली एक ही असेल. तिला विचारायचं धाडस झालं नाही.

पाट्या काढायला तिने दगड उचलला. लाकडी पाटी चार ठोक्यांत निघाली, पत्र्याची खिळा वाकून अडकली. यशोदा घरात जाऊन कोयती घेऊन आली आणि पातं खाली सारून तिने खिळा उपसला. दोघींनी मिळून कुंडातल्या काचा वेचल्या. पद्मावतीच्या तळव्याला काच लागली, रक्त आलं. यशोदेने पाहिलं. पदर फाडून देणं वगैरे तिने काही केलं नाही. "थंय रोप आसा, पानां लाय," म्हणून एका झुडपाकडे बोट दाखवलं.

निघताना पद्मावती म्हणाली, "येते."

"येवं नाका," यशोदा म्हणाली.

महिनाअखेरच्या रविवारी मंडळाची बैठक बोलावली गेली. नोव्हेंबरनंतरची पहिलीच. सगळे आले. एका बाजूच्या खुर्च्यांवर मास्तर आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला अविनाश आणि त्याची. मधे वर्तमानपत्रांचं मेज. पद्मावती शेवटी आली, तळव्याला पट्टी बांधलेली. ती कोणाकडे न बघता नकाशापाशी गेली आणि हळर्णच्या दोन्ही टाचण्या उपटून काढल्या. मग दोरीवरून दोन्ही कार्डं काढली. एक मास्तरांच्या समोर ठेवलं, एक अविनाशच्या.

"दुबार नोंदीचा निकाल," ती म्हणाली. "दोन्ही रद्द."

मग सगळे एकदम बोलू लागले. तिने हात वर केला नाही. ते दमेपर्यंत ती थांबली आणि हळर्णला काय पाहिलं ते सांगितलं. पाट्या, काचा, सुनेने विहिरीचं पाणी ओढणं.

"ज्यांची झर आहे त्यांना ती नकाशावर नको आहे," ती म्हणाली. "मग कुठल्या नावाने हा प्रश्न उरत नाही."

"एक बाई काही बोलली म्हणून?" मास्तर म्हणाले. "झर काय तिच्या बापाची आहे? निसर्गाची आहे. माझी पाटी तू काढलीस?"

"दोन्ही काढल्या."

"दोन्ही म्हणू नकोस. दोन्ही म्हटलं की आपण मोठे निःपक्षपाती झालो असं वाटतं तुला. मी दोन वर्षं तुला वाट दाखवली."

"ती वाट कार्डावर लिहायला नको होती. आपणा सगळ्यांनाच."

अविनाश उठला. "हांव त्या गावचो शेजारी. तुका खबर आसा थंयच्या लोकांक कितें जाय तें, आनी माका ना?"

"तू विचारलंस?"

"विचारपाची गरज ना. ते आमचेच."

"मग तुझ्याच माणसांनी काचा टाकल्या का रे?"

तो तिच्या दिशेने आला. मधे मेज होतं म्हणून थांबला. "तांच्या माणसांनी घाल्यो," तो मास्तरांकडे बोट करून म्हणाला. मास्तरांच्या बाजूने कोणीतरी शिवी दिली. खुर्ची पडली. आणि मग एक अशी गोष्ट झाली की त्यावर साखळीत पुढे बरीच वर्षं लोक हसत राहिले. मास्तर म्हणाले, "आधी हिचं बघू." अविनाश म्हणाला, "बरोबर." तीन महिन्यांत त्या दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

पद्मावती माजिक यांना मंडळातून काढावं, असा ठराव मास्तरांनी मांडला आणि अविनाशने अनुमोदन दिलं. हात वर आले. ज्यांनी दोन महिने एकमेकांना वाटेत बघून तोंड फिरवलं होतं त्यांचे हात एकाच वेळी वर आले. ज्यांना तिच्याबद्दल वाईट वाटत होतं त्यांनीही आजूबाजूला पाहून हात वर केले. ती उभी राहून एकेक हात बघत होती, जणू नंतर कधीतरी ओळखायचे आहेत.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मास्तर म्हणाले.

ती छत्री उचलून बाहेर पडली. तिच्यामागे लगेच कोणीतरी हळर्णच्या दोन्ही टाचण्या पुन्हा टोचल्या, आणि कोणाची आधी यावरून त्यांचं भांडण तिथूनच पुढे चालू झालं. दारापर्यंत तिला ते ऐकू येत होतं.

फेब्रुवारीत कायदा झाला. कोकणी राजभाषा, आणि मराठीचाही सरकारी कामाला वापर. एका बाजूने फटाके उडाले, दुसऱ्या बाजूने काळे झेंडे. दोन्ही बाजूंना वाटलं आपल्याला फसवलं. वाचनालयातल्या नकाशावर ज्या ज्या झरीला मराठी नाव होतं तिच्याशेजारी कोकणी नावाची टाचणी लागली, कोकणी होतं तिच्याशेजारी मराठी. काढायला कोणीच नव्हतं. एप्रिलपर्यंत नकाशावर जागोजागी टाचण्यांची जोडपी दिसू लागली. नकाशाकडे बघून कोणी डोंगरात गेलं असतं तर पाणी आहे त्याच्या दुप्पट आहे असं समजलं असतं. पण डोंगरात जाणारं आता कोणी उरलं नव्हतं. मेच्या अखेरीला गोवा राज्य झालं तेव्हा वाचनालयाला भिंत रंगवायची होती. नकाशा गुंडाळून आतल्या खोलीत ठेवला गेला. मास्तर तो न्यायला आले नाहीत.

मास्तर आणि पद्मावती यांचा संबंध मात्र तुटता तुटेना, कारण बेळगावचा फोन तिच्या बोर्डावरूनच जायचा. मास्तर नंबर सांगत. ती "थांबा" म्हणे. लाइन लागली की "बोला" म्हणे. वर्षाच्या बाळंतपणात ते घाबरून दिवसातून दोन-तीनदा यायचे, तेव्हाही एवढेच दोन शब्द. मुलगी झाली असं पलीकडून सांगितलं गेलं तेव्हा मास्तर हातात रिसीव्हर धरून काचेपलीकडे तिच्याकडे बघत राहिले. तिला ऐकू गेलंय हे त्यांना कळत होतं. तिने मान खाली घालून पुढचा कॉल जोडला. एवढ्यावर ते मिटलं असतं, असं मास्तरांची बायको पुढे म्हणायची. पण मिटवायचं तर आधी कोणीतरी चूक कबूल करायला हवी होती, आणि दोघांनाही आपली चूक कुठे झाली ते सापडत नव्हतं.

घरी रंजना हळूहळू ताट घेऊन समोर बसू लागली. बाबुराव नाही. त्याने बहिणीशी बोलणं पुन्हा सुरू केलं ते वडिलांच्या घराच्या वाटणीसाठीच, आणि तेव्हाही वकिलामार्फत. पद्मावतीने आपल्या वाट्याला मागच्या दोन खोल्या आणि न्हाणी घेतली आणि मधलं दार वीटकाम करून बंद करून घेतलं. गवंड्याला तिने सांगितलं, "जनेल मात्र ठेव." भाऊ दिसतो की नाही एवढं तिला कळायला हवं होतं. पुढे तो आजारी पडला तेव्हा त्याच खिडकीतून तिने रंजनेला डॉक्टरचा नंबर लिहून दिला. आत मात्र गेली नाही.

रविवारी ती चालायला जात राहिली. एकटी बाई डोंगरात काय करते म्हणून लोक बोलले. तिला झरी सापडल्याही असतील. ती कुठे जाऊन आली हे कोणी विचारलं तर "फिरून" म्हणे, आणि विचारणाऱ्याकडे असं बघे की पुढचा प्रश्न येत नसे.

बोर्डावरच्या दोऱ्या गेल्या, आपोआप लागणारे फोन आले, आणि तिची बदली म्हापशाला झाली. नव्या जोडण्यांच्या खिडकीवर ती बसू लागली. एका शुक्रवारी, बाजारामुळे गर्दी होती तेव्हा, खिडकीत अविनाश उभा राहिला. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं, बोटात अंगठी. बँकेत तो आता साहेब झाला होता. त्याने नाव, पत्ता सांगितला आणि मग तिला ओळखलं.

"तू हय?" तो म्हणाला.

"पत्त्याचा पुरावा?"

त्याने कागद सरकवला. ती वाचत असताना तो हळूच म्हणाला, "मास्तर गेले. मागच्या वर्सा."

"ऐकलं."

"तुझ्याखातीर मंडळ मोडलें. बरें चल्लेलें." त्याच्या आवाजात राग होता, आणि रागाखेरीज आणखीही काही होतं. थांबून तो म्हणाला, "तूंच मोडलें."

मागे रांगेतलं कोणीतरी घाई करत होतं. पद्मावतीने शिक्का मारला, कागद परत खिडकीबाहेर सरकवला.

"दोन महिन्यांत जोडणी मिळेल," ती म्हणाली. "पुढचे या."